क्रमांक चारची पिल्ले

ते वृंदाने माझ्याआधी पाहिले.

सकाळी सात वाजता वजनकाटा आणि नोंदवही घेऊन मी परसातल्या शेडमध्ये शिरलो, तेव्हा ती चौथ्या पिंजऱ्यासमोर उभी होती. एक हात जाळीवर, दुसरा स्वतःच्या पोटावर. तिचा सातवा महिना सरत आला होता. पहिल्या बाळंतपणासाठी ती आठवड्यापूर्वीच माहेरी आली होती. मी हाक मारली, पण तिने मान वळवली नाही. मग तिच्या खांद्यावरून मी आत डोकावलो.

आदल्या दिवशी तिथे सशाची पाच पिल्ले होती. चार दिवसांची, डोळे न उघडलेली. आता पेटीतल्या गवतात दोनच दिसत होती, आणि ती दोन्हीही पुरी नव्हती. उरलेल्या तिघांचे काय झाले ते पिंजऱ्याखालच्या पत्र्यावर दिसत होते. त्यांची आई, क्रमांक चार, कोपऱ्यात बसून पुढच्या दोन्ही पायांनी तोंड पुसत होती, रोज खाणे झाल्यावर पुशी तशीच.

"आप्पा," वृंदा म्हणाली, "तिला आधी माहीत असेल का?"

"काय?"

"आपण असं करणार आहोत म्हणून."

जनावराला पुढचे-मागचे काही कळत नसते, असे काहीतरी मी बोललो. हातमोजे चढवले आणि पेटी बाहेर काढायला हात आत घातला. क्रमांक चार घशातून घोगरा आवाज काढत सरळ माझ्या हातावर आली आणि मोज्याला दात रोवून लटकली. तिला झटकून मी पेटी ओढली, पत्रा धुतला आणि वहीत लिहिले: 'मादी क्र. ४. आक्रमक. पाचही पिल्ले मारली.'

वृंदा दारातच उभी होती. आता हिचे काय करणार, असे तिने विचारले. मी माझा नियम सांगितला.

"एकदा झालं तर नोंद करायची. दुसऱ्यांदा झालं तर काढून टाकायची."

"काढून म्हणजे?"

"खाटकाकडे."

तिने मान डोलावली आणि ती घरात निघून गेली. त्यानंतर ती शेडमध्ये पाऊल टाकेना.

या गोष्टीला आता एकवीस वर्षे होतील. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि एकतीस वर्षे सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून काम केले. तयार भाग मोजायचा, आकडा कागदावर मांडायचा, आणि तो लाल रेषेपलीकडे गेला की भाग बाद करायचा, हेच आयुष्यभर केले. निवृत्तीनंतर विट्याच्या घरामागे सशांसाठी शेड उभारली. आठ पिंजरे मी स्वतः वेल्डिंग करून बनवले, सशांना नावांऐवजी क्रमांक दिले. माझी पत्नी इंदू म्हणे की यांनी मला लग्नात क्रमांक दिला नाही तेवढे नशीब. करड्या रंगाच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या त्या चौथ्या मादीला मात्र तिने नाव ठेवलेच होते: जहांबाज.

पंधरवड्यानंतर क्रमांक चारला पुन्हा नराकडे नेण्याची वेळ आली, तेव्हा मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले पर्यवेक्षक तांबोळी यांना बोलावले. पान खाणारा, सावकाश बोलणारा गृहस्थ. तुम्ही रोज जे करता ते माझ्यासमोर करा, असे त्यांनी सांगितले. मी मोजे चढवून हात आत घातला आणि क्रमांक चार नेहमीप्रमाणे चालून आली. तांबोळींनी मोजे मागून घेतले, नाकाशी धरले आणि माझ्यापुढे केले. मला चामड्याचा वास आला.

"तुम्हाला चामडंच लागणार नाकाला," ते म्हणाले. "हे घालून तुम्ही नरांना पण धरता ना?"

सगळ्यांनाच धरतो, मी सांगितले.

"म्हणजे तिच्या बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही रोज दोन परके बाप्ये आणि पाच सवती आणून सोडता. वर पिल्लं रोज काट्यावर घालता. पांचाळसाहेब, तुमच्या मिसेसच्या बाळंतपणात कुणी असं केलं असतं, तर त्याला शाबूत सोडलं असतं का त्यांनी?"

त्यांनी सांगितलेली कृती मी क्रमवार लिहून घेतली. मोजे बंद. हात साध्या पाण्याने धुवून तिच्याच पेटीतल्या गवताने चोळायचे. सशाला अगदी नाकासमोरचे दिसत नाही, म्हणून हात समोरून न्यायचा नाही. बाजूने, तिला दिसेल असा न्यायचा आणि वरून कपाळावर टेकवून तसाच ठेवायचा. ती शांत होईपर्यंत काही करायचे नाही. पिंजरा तीन बाजूंनी गोणपाटाने झाकायचा. पिल्ले झाली की दुसऱ्या दिवशी, ती खात असताना लांबूनच पाहायचे, मग तीन आठवडे काटा तिच्या आसपास न्यायचा नाही. निघताना तांबोळी आणखी एक वाक्य बोलले. ते मी लिहिले नाही; त्यात मोजण्यासारखे काही नव्हते.

उघडा हात आत घालताना मला भीती वाटली, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या चार दिवसांत तिने मनगटावर दोनदा रक्त काढले. नवव्या दिवशी तिने माझ्या तळव्याखाली डोके खाली घातले आणि ती, ससा निवांत झाला की करतो तसे, दात हलकेच एकमेकांवर घासू लागली. पुढे ती व्याली. सहा पिल्ले. दुसऱ्या दिवशी सहा, आठव्या दिवशी सहा. मी इंदूला सांगितले. वृंदाला सांगायचे राहून गेले. नववा महिना लागल्यापासून तिच्यासमोर शेडचा विषय काढायचा नाही अशी इंदूची ताकीद होती, आणि ती ताकीद मला सोयीचीही होती.

वृंदाला मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या, आणि त्याच दुपारी मी शेडमधला टांगता काटा उकळत्या पाण्याने पुसून बाळंतिणीच्या खोलीतल्या कडीला अडकवला. खाली मऊ धोतराची झोळी बांधली. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. नवजात बाळाचे वजन पहिल्या आठवड्यात दहावा हिस्सा उतरू शकते, त्यात काळजीचे काही नसते, असे डॉक्टरांनी मला सांगितले होते. म्हणून मी दोन किलो पाचशे पासष्टवर एक रेषा आखली. लाल शाईने, पट्टी धरून.

रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. शेडमधले काम उरकून मी थेट खोलीत येई, वृंदाच्या कुशीतून बाळ उचली, झोळीत ठेवी आणि आकडा मोठ्याने वाची, म्हणजे लिहिताना चूक होत नाही. दोन सातशे दहा. दोन सहाशे साठ. पाचव्या दिवशी दोन सहाशे दहा.

"पंचेचाळीस ग्रॅम उरले," मी म्हणालो.

माझी थोरली बहीण आक्का तेव्हा तिथेच होती. बाळंतपणासाठी ती मुद्दाम खानापूरहून आली होती. तिने वृंदाकडे पाहून सुस्कारा सोडला, अंगावर पुरत नाही बघ पोरीला, म्हणाली, आणि डिंकाचा लाडू तिच्या पुढ्यात सरकवला.

वृंदा आलेखाकडे पाहत होती. "रेषेखाली गेलं तर, आप्पा?"

"मग विचार करावा लागेल," मी उत्तर दिले आणि पेन्सिल खिशाला लावली.

माझ्या मनात डॉक्टरकडे नेण्याचा विचार होता. तो मी बोललो नाही.

सहाव्या दिवसापासून बाळाचे वजन चढू लागले आणि वृंदा उतरू लागली. पाजायचे तेवढा वेळ ती मुलीला घेई, मग लगेच इंदूच्या हातात देई आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसे. झोप जवळजवळ नव्हतीच. तू माझ्या आणि बाळाच्या मध्ये नीज, असे तिने आईला सांगितले. खोलीतली कात्री तिने बाहेर ठेवायला लावली. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात. आक्काने अडकित्ता ठेवला होता. वृंदाने तो खिडकीतून बाहेर फेकला. आक्काने उचलून पुन्हा ठेवला, तिने पुन्हा फेकला. तिसऱ्या खेपेला आक्का अडकित्ता घेऊन माझ्याकडे आली.

"लोखंड सोसना झालंय तिला," ती हळू आवाजात म्हणाली. "हे बाहेरचं हाय, आप्पा. बारसं उरकू, आन् अमावस्येला न्यायची तिला. मी माणूस बघून ठेवलाय."

असल्या गोष्टी या घरात बोलायच्या नाहीत, असे मी तिला बजावले. मी शिकलेला माणूस होतो. पण आक्काला गप्प बसवून मी दुसरे काय केले, तर दहाव्या दिवशी वजन दोन सातशे वीस भरल्याचे वृंदाला समाधानाने सांगितले. तिने मान डोलावली. त्या सकाळी शेडमध्ये जशी डोलावली होती, तशीच. मी ते पाहिले. तरीही मी काही विचारले नाही. तिच्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटत होती, हे तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केले नव्हते.

बारावा दिवस उजाडला. पुण्याहून जावई आणि विहीणबाई चारपर्यंत पोचणार होते. सोप्यात पाळणा टांगला होता, घुगऱ्यांचे हरभरे चुलीवर रटरटत होते, आणि पाळण्याखालून बाळ कुणी द्यायचे, कुणी घ्यायचे, याची आळीतल्या पाचही सुवासिनींची नावे आक्काने पाठ करून ठेवली होती. सकाळी ती वृंदाला हौसेने सांगत होती की हातोहात फिरली पाहिजे पोर, बारा हात लागले पाहिजेत. वृंदाने एकदाच विचारले की हे टाळता नाही का येणार. आक्का हसली.

दुपारी दीडच्या सुमारास इंदू सोप्यात आली. तिच्या हातात न्हाऊ घालायचा टॉवेल होता. ती म्हणाली, "अहो, दोघी खोलीत नाहीत."

मोरीत नव्हत्या. माडीवर नव्हत्या. पुढच्या दाराशी आक्का पहिल्यापासून बसून होती. तिथून कुणी गेले नव्हते. मी खोलीत जाऊन पाहिले. अंथरूण नीट घडी घातलेले होते. काटा कडीला लोंबत होता; झोळी मात्र कुणीतरी सोडून नेली होती.

मागच्या दाराबाहेर विहीर आहे. तिचा कठडा एका बाजूला गुडघ्याएवढाच आहे. त्या पंधरा पावलांत मला जे दिसत होते ते लिहिण्याची आजही माझी तयारी नाही. कठड्याला धरून मी वाकलो. पाणी स्थिर होते. पाण्यावर एक पान होते, तेही हलत नव्हते. मी किती वेळ तसा वाकून होतो ते माहीत नाही.

मग आवाज ऐकू आला. धप्. थोड्या वेळाने पुन्हा, धप्.

सशाला धोका वाटला की तो मागचा पाय फळीवर आपटतो. आवाज शेडमधून येत होता.

मागोमाग आलेल्या इंदूला मी तिथेच थांबायची खूण केली आणि दार लोटले. पत्र्याखाली अंधार आणि उकाडा होता. गोणपाटांमुळे पिंजऱ्यांचे नुसते आकार दिसत होते. चौथ्या पिंजऱ्याच्या गोणपाटामागून पुन्हा आवाज आला, धप्. शेडच्या टोकाला, वाढीच्या पिल्लांना मोकळे सोडण्यासाठी जाळीचा एक पुरुषभर उंच खण मी केला होता. तो त्या दिवशी रिकामा होता. म्हणजे, असायला हवा होता. आत वृंदा जमिनीवर बसली होती. गुडघे छातीशी, हात मांडीखाली. तिच्याजवळ बाळ नव्हते.

"वृंदा, बाळ कुठंय?"

माझी नजर चौथ्या पिंजऱ्याकडे गेली. का गेली ते मला ठाऊक आहे, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मी गोणपाटाचा कोपरा धरलाही होता.

"तिकडं," ती म्हणाली, आणि हनुवटीने दुसऱ्या टोकाकडे खूण केली.

दाराजवळच्या माझ्या कामाच्या टेबलावर, पुढच्या मादीसाठी बनवलेली कोरी पेटी होती. तिच्यात झोळीचे धोतर चार पदरी अंथरलेले होते आणि त्यावर माझी नात निजली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता. छाती वर येत होती, खाली जात होती. मी दहापर्यंत मोजले. मग पेटीशेजारी ठेवलेली किल्ली दिसली.

खणाच्या दाराला कुलूप होते. दाबले की लागणारे. किल्ली इथे ठेवून, शेडची सगळी लांबी चालत जाऊन तिने दार ओढून घेतले होते, दाराच्या फटीतून हात बाहेर काढून कुलूप दाबले होते, आणि मग हात पुन्हा आत घेऊन त्यांवर ती बसली होती.

"घेऊन जा तिला," वृंदा म्हणाली. "कुलूप राहू दे."

मी पेटी उचलली. खरे सांगायचे तर माझे पाय दाराकडे वळलेही होते. तिथून बाहेर पडावे, दार ओढावे, आधी बाळ सुरक्षित करावे आणि मग पुढचे पाहावे, एवढेच डोक्यात होते. बाहेरून आक्काच्या हाका येऊ लागल्या होत्या.

"आप्पा, तुम्ही दुसऱ्यांदा झालं तर म्हणाला होतात." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी एकदाही होऊ देणार नाही. मला सारखं दिसतं. विळी दिसली की दिसतं, पाजताना दिसतं. तिलाही आधी माहीत नसेल, नाही? तोंड पुसत बसली होती ती."

मी पेटी पुन्हा टेबलावर ठेवली, किल्ली घेतली आणि खणाकडे गेलो. कुलूप काढल्याचा आवाज झाला तशी ती मागे सरकत कोपऱ्याला टेकली. नको, म्हणाली. मी समोरून जात होतो, हात पुढे करून. ते माझ्या लक्षात आले आणि मी थांबलो. तिथेच, दाराच्या आत, तिच्याकडे बाजू करून जमिनीवर बसलो. दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले. क्रमांक चार दोनदा पाय आपटून गप्प झाली.

"ती पिल्लं मी मारली," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघू लागली.

मी तिला मोज्यांचे सांगितले. त्यांना लागलेल्या नरांच्या वासाचे सांगितले. रोज सात वाजता काटा घेऊन मी पेटी ओढत होतो, ती अंगावर येई तसा मी मोजे आणखी जाड घेत होतो, आणि शेवटी वहीत तिचे नाव लिहून मोकळा झालो, हे सांगितले. तांबोळी निघताना बोलले होते ते वाक्य मी तिला सांगितले.

"ते म्हणाले, ही चिडलेली नाही, पांचाळसाहेब. ही भ्यालेली आहे. आणि पळायला हिला तुम्ही जागा ठेवलेली नाही."

"तुम्ही तिला खाटकाकडं दिलीत ना?"

तेव्हा मला कळले की तिला काहीच माहीत नव्हते. मी उठलो, सावकाश चौथ्या पिंजऱ्यापाशी गेलो आणि समोर लोंबणारा गोणपाटाचा पदर वर केला. क्रमांक चार आडवी पसरली होती. तिच्या पोटाशी, पाठीवर, पायांत सहा करडी पिल्ले होती. एक तिच्या कानावर चढायच्या खटपटीत होते.

वृंदा जाळीला धरून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिचे हात मोकळे झालेले मी प्रथमच पाहिले.

"ही कुणाची?"

"तिचीच. सव्वीस दिवसांची आहेत. एकदाही काट्यावर घातलेली नाहीत."

"आता नाही करणार ती?"

नाही करणार, असे म्हणणे सोपे होते. पण मी एकतीस वर्षे तपासनीस होतो. जे तपासले नाही त्यावर सही केली नव्हती.

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "मी काय करणार नाही, तेवढं सांगता येतं."

टेबलावर बाळ जागे झाले आणि रडू लागले. वृंदाच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले. ती तिथेच उभी राहिली, ना पुढे ना मागे. मी पेटी आणून खणाच्या उंबऱ्याशी, तिच्यापासून दोन हातांवर ठेवली आणि आईला बोलावू का, असे तिला विचारले. ती हो म्हणाली. मग म्हणाली, "फक्त आईला. आणि तिला सांगा, माझे हात धरून ठेवायला."

इंदू आत आली. काय झाले, कसे झाले, एक अक्षर तिने विचारले नाही. ती वृंदाच्या पाठीमागे बसली, बाळाला उचलून तिच्या कुशीत दिले आणि आपले दोन्ही तळवे तिच्या मनगटांवर ठेवले. मी पाठ फिरवून दारात जाऊन उभा राहिलो. मागून बाळाचे चुटचुट पिणे ऐकू येत होते. बाहेर उन्हात आक्का होती, तिच्यामागे आळीतल्या दोन बायका.

"पाव्हणं घाटावर आलं असतील आन् तुम्ही सशांत काय करताय?" आक्काने विचारले.

आज बारसे नाही, मी सांगितले.

"बाराव्याला न्हाई तर कधी?"

"ती सांगेल तेव्हा."

आक्का माझ्या खांद्यावरून आत पाहायचा प्रयत्न करू लागली. दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून मी उभा राहिलो. तिने त्या हातांकडे पाहिले आणि ती घुगऱ्यांकडे परत गेली. जाताना मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढे बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वृंदाला सांगलीला नेले. डॉक्टर बाई तिच्याशी एकट्या तासभर बोलल्या. मग त्यांनी आम्हाला आत बोलावून सांगितले की या दुखण्याला नाव आहे, औषध आहे, आणि जिला असे दिसते म्हणून ती स्वतःला कुलपात कोंडून घेते, तिच्या हातून बाळाला इजा होण्याची धास्ती आम्ही धरू नये. तिला एकटे सोडू नका, झोपू द्या, आणि घरात तिची परीक्षा घेणारे काही असेल तर ते आजच काढा. परीक्षा म्हणजे काय, असे विचारावे लागले नाही. घरी आल्यावर मी काटा कडीवरून उतरवला. आलेख फाडणार होतो. वृंदा म्हणाली, राहू दे, नुसता भिंतीवरून काढा. तो माझ्याजवळ अजून आहे. बाराव्या दिवसापर्यंतचे ठिपके आहेत, पुढे कागद कोरा आहे.

बरे व्हायला वेळ लागला. मध्येच चांगला आठवडा जाई आणि एखाद्या सकाळी तिचे हात पुन्हा मांडीखाली गेलेले दिसत. जावई दर शनिवारी येत आणि बाळाजवळ बसण्याआधी तिच्याजवळ बसत. आक्का महिनाभर रुसली आणि मग कुणी न बोलावता, मेथीचे लाडू घेऊन आली.

बारसे झाले तेव्हा मुलीला चौथा महिना लागला होता. ती पाळण्यावरच्या चिमण्यांना हात मारू लागली होती. आळीला बोलावणे नव्हते. पाळणा काट्याच्याच कडीला टांगला होता. एका बाजूला वृंदा बसली. दुसऱ्या बाजूला इंदू बसणार, एवढ्यात वृंदा म्हणाली, "तिकडं आप्पांना बसू दे."

"बाप्या मानसाचं काय काम पाळण्याशी?" आक्का म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बस बाबा. तेवढी मिशी लपीव."

मी जमिनीवर बसलो. मोरीत साध्या पाण्याने हात धुऊन आलो होतो. वृंदाने मुलीला मांडीवरून उचलले, पाळण्याखाली नेले, आणि तिथे ती थांबली. तिचे हात बाळाभोवती घट्ट होते. ती माझ्या हातांकडे पाहत होती.

ते मी पुढे केले नाहीत. तळवे वर करून, तिला नीट दिसतील असे, बाजूला धरले आणि तसेच ठेवले.